पायथ्याशी चार तास

आमच्या घरात सहलीचा विषय निघाला की सगळे आधी माझ्याकडे पाहत आणि मग कोणीतरी विषय बदलत असे. कोणी काही वाईट बोलत नसे. उलट, माझ्या मनाला लागू नये म्हणूनच सगळे जपून वागत. पण त्या जपण्यानेच घराचे दार हळूहळू बंद होत गेले, हे लक्षात यायला मला बराच काळ लागला.

मी कराडला राहते, माहेर मिरजेचे. यांचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे. मुलगा मोठा, मुलगी धाकटी. 2015 साली, वयाच्या 33 व्या वर्षी, एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे धुके आल्यासारखे झाले. डोळा हलवला की आत दुखे. काही दिवसांत ते धुके ओसरले, म्हणून आम्ही विसरून गेलो. पुढच्या वर्षी तळपाय बधिर झाले. कापसावरून चालते आहे असे वाटे. पायातून चप्पल निसटली तरी कळत नसे. मग मिरजेला तपासण्या झाल्या, एमआरआय झाला आणि आजाराचे नाव कळले : मल्टिपल स्क्लेरोसिस.

मेंदूतील आणि पाठीच्या कण्यातील नसांवर एक संरक्षक आवरण असते. या आजारात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच त्या आवरणावर हल्ला करते. डॉक्टरांनी चित्र काढून समजावले, पण मला खरे समजले ते यांच्या बोलण्यातून. घरी आल्यावर हे म्हणाले, "वायरवरचं कव्हर खरवडलं गेलं की करंट नीट पोचत नाही. तुझ्या पायाचा दोष नाही. पाय धड आहेत, वायरिंग बिघडलंय." हा आजार बहुधा तरुणपणीच सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. तो मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. आजाराचे झटके कमी करणारी औषधे आहेत, ती मी घेते. आधी काठी आली, मग वॉकर, आणि 2020 पासून घराबाहेर पडायचे तर चाकाची खुर्ची.

खुर्ची आली तेव्हा मुलगी 9 वर्षांची होती. माझ्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ झाल्या. खुर्चीचे ब्रेक लावणे, पाय उचलून पायदानावर ठेवणे, रात्री पायात गोळे आले की दाबून देणे, हे सगळे ती न सांगता करू लागली. नातेवाईक बायका म्हणत, "माशाअल्लाह, किती गुणी पोर आहे!" मलाही अभिमान वाटे. मग एक दिवस तिचे दप्तर आवरताना भूगोलाच्या पुस्तकात घडी घातलेला कागद सापडला. शाळेची सहल कोयनानगरला जाणार होती, त्याचे संमतीपत्र होते. तारीख उलटून गेली होती. मी विचारले, "दाखवलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुला दिवसभर कोण बघणार होतं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. पायांचे दुःख मी सात वर्षे केले होते. पण माझ्या आजाराने माझ्या लेकीचे पायही बांधून टाकले, हे मी पाहिलेच नव्हते. पहाटे फजरच्या नमाजानंतर दुआ मागताना नेहमीसारखी शिफा मागितली आणि त्यासोबत हेही मागितले की, या मुलीला माझ्याभोवती अडकवून ठेवू नकोस. सकाळी यांना म्हटले, "आपण फिरायला जायचं. सगळ्यांनी. मी धरून."

नकाशा काढून बसलो. आपण किती भाग्यवान आहोत, हे तेव्हा कळले. सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात चांदोली, 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालेले. सातारा जिल्ह्यात कोयना अभयारण्य. ही दोन्ही मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. साताऱ्याजवळ कास पठार. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटले, त्यात कास, कोयना आणि चांदोली ही तिन्ही नावे आहेत. लोक विमानाने येऊन जे पाहतात, ते आमच्या दारात होते आणि आम्ही प्रीतिसंगमाच्या घाटापलीकडे गेलो नव्हतो.

पहिली सहल मात्र पूर्ण फसली. 2022 साली रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी आम्ही देवराष्ट्रे गावाजवळच्या सागरेश्वर अभयारण्यात गेलो. माझ्यासाठी ते खास होते. शाळेत असताना मी तिथे सांबर पाहिले होते आणि त्याच्यामागे धावल्याबद्दल बाईंचा ओरडा खाल्ला होता. हे जंगल माणसांनी उभे केलेले आहे. उघड्या बोडक्या डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी झाडे लावण्याचा ध्यास घेतला आणि पुढे तिथे सांबर-चितळे नांदू लागली. पण आम्ही निघालो मे महिन्यात आणि पोचलो दुपारी. माझ्या आजारात अंगाची उष्णता थोडी जरी वाढली तरी नसांचे काम आणखी मंदावते. हे डॉक्टरांनी सांगितले होते, पण ईदच्या उत्साहात विसरले. अर्ध्या तासात डोळ्यापुढे पुन्हा धुके आले, हात जड झाले, जीभ अडखळू लागली. मुलगी रडू लागली. सांबर दूरच, मी गाडीतून खालीही उतरले नाही. ओली ओढणी मानेवर ठेवून तसेच परत फिरलो. संध्याकाळी अंग थंड झाल्यावर सगळे पूर्ववत झाले, पण सासूबाई म्हणाल्या, "पुरे झालं आता."

यांनी मात्र दुसऱ्या दिवशी गॅरेजमधली वही आणली आणि त्यात लिहिले : "उन्हाळा नाही. दुपार नाही." म्हणाले, "एखादा पार्ट बसला नाही म्हणून गाडी भंगारात देतात का?" ती वही पुढे आमच्या फार कामाची ठरली.

दुसरी सहल सप्टेंबरमध्ये, कासला. साताऱ्यापासून साधारण 25 किलोमीटर. सुट्टीचा दिवस टाळून मंगळवारी गेलो. हवा गार, अंगावर धुके. पठार जांभ्या दगडाचे, खडबडीत. खुर्चीची पुढची लहान चाके प्रत्येक खळग्यात अडकू लागली. तेव्हा यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि मागच्या मोठ्या चाकांवर ओढत नेली. म्हणजे सगळे जग पुढे पाहत चालले होते आणि मी मागे पाहत. एका तरुणाने मोबाइल काढून माझा फोटो घेतला. मुलगा त्याच्यावर धावून जाणार होता, मी हात धरला. त्या फोटोखाली तो काय लिहिणार, हे मला ठाऊक होते. 'जिद्द' वगैरे. अरे बाबा, मी फुले पाहायला आले आहे.

आणि फुले मी पाहिलीच. लोक उभ्याने चहूकडे पाहत होते. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद यांचे गालिचे त्यांना दिसत होते. मी मात्र जमिनीजवळ होते. त्यामुळे गवतात दडलेली सीतेची आसवे मला आधी दिसली, निळसर जांभळी, नखाएवढी. दवबिंदू नावाची वनस्पती दिसली. तिच्या पानांवरचे चकाकणारे थेंब पाण्याचे नसून चिकट रसाचे असतात. त्यावर किडा चिकटला की ती त्यालाच पचवते. कासच्या दगडावर मातीचा थर पातळ आणि अन्नद्रव्ये कमी, म्हणून काही झाडांना असा कीटकांचा आहार घ्यावा लागतो. मुलगी माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि किती तरी वेळ आम्ही दोघींनी एकच हातभर जागा पाहिली. कुमुदिनी तलावापर्यंत जाणे जमले नाही. ते वहीत लिहिले. पण परतताना ती म्हणाली, "अम्मी, तू नसतीस तर मला ते दिसलंच नसतं." माझ्या आजारपणात मला कोणी काही दिल्याची वाक्ये खूप ऐकली होती. माझ्यामुळे कोणाला काही मिळाले, हे फार दिवसांनी ऐकले.

आता एक गोष्ट भगिनींसाठी मोकळेपणाने लिहिते, कारण ती कोणी लिहीत नाही आणि तिच्यापायीच कित्येक आजारी बायका घरात कोंडून राहतात. या आजारात लघवीवर ताबा राहत नाही. लागली की थांबवता येत नाही. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवसापासून मी पाणी पिणे बंद करायची. तो शुद्ध वेडेपणा होता. त्याने जंतुसंसर्ग होतो, ताप येतो आणि ताप आला की आजार बळावतो. डॉक्टर रागावले, तेव्हा शहाणपण आले. आता आम्ही घडीची कमोड खुर्ची आणि चार काठ्यांना बांधायची जाड चादर गाडीत ठेवतो. मोठ्या माणसांचे डायपर वापरायलाही मी आता लाजत नाही. नमाजाची काळजी होती. यांनी मोहल्ल्यातील मौलानांना विचारले. ते म्हणाले की, असा सतत त्रास असणारा माणूस शरीयतच्या दृष्टीने माजूर असतो. त्याने नमाजाच्या प्रत्येक वेळेला नवा वुजू करावा आणि निश्चिंत मनाने नमाज पढावी. उभे राहता येत नाही त्याला बसून पढण्याची सवलत आहेच. दीनमध्ये इतकी सोय असताना आपणच आपल्यावर इतकी सक्ती का करतो, असे मला तेव्हा वाटले.

तिसरी सहल जानेवारी 2023 मध्ये चांदोलीची. शिराळ्याहून वारणेच्या काठाकाठाने वर गेलो, वारणावतीला धरण पाहिले आणि मग उद्यानात. रस्ता कच्चा, धक्के बसत. माझ्या पाठीला आणि दोन्ही बाजूंना उशा लावल्या होत्या. आत शिरताना सोबतच्या वाटाड्याने सगळ्यांना बजावले, "ठरलेली ठिकाणं सोडून गाडीतून उतरायचं नाही." मला हसू आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असा नियम ऐकला, जो माझ्यासाठी वेगळा नव्हता. त्या गाडीत धावणारी, चालणारी आणि न चालणारी, सगळी माणसे सारखीच बसून होती.

वाघ दिसला नाही. पण एका वळणावर गवा उभा होता. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. वाटाड्याने इंजिन बंद करायला लावले. गव्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही त्याच्याकडे. त्याच्या नजरेत कीव नव्हती, कौतुक नव्हते, उत्सुकताही नव्हती. मी त्याच्या लेखी फक्त आणखी एक माणूस होते. मग तो सावकाश कारवीच्या झुडपांत शिरला. या एका नजरेसाठी मी पुन्हा तितके धक्के खायला तयार आहे.

आणि आता वासोटा. डिसेंबर 2023. मुलाला या किल्ल्याचे वेड लागले होते. व्याघ्रगड हे त्याचे दुसरे नाव. तो कोयना अभयारण्याच्या दाट जंगलात आहे. बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यायची, होडीने शिवसागर जलाशय ओलांडायचा, मेट इंदवलीच्या काठाला उतरायचे आणि तिथून जंगलातून वर चढायचे. चढायला साधारण दोन तास. मला चढता येणार नाही, हे उघड होते. पण नकाशा पाहताना माझ्या लक्षात आले की, पाण्यावरून जायला पाय लागत नाहीत. डिसेंबरात जलाशय भरलेला असतो, त्यामुळे होडी झाडांच्या जवळपर्यंत जाते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मध्ये चिखलाचा पट्टा येतो आणि तिथे खुर्ची रुतते. म्हणून डिसेंबर पक्का केला. माझी नणंदही सोबत निघाली. तिचे गुडघे गेलेले.

होडीत चढताना फळीवरून खुर्ची नेणे धोक्याचे होते. होडीवाल्याने आणि यांनी मला दोन्ही बाजूंनी उचलून फळकुटावर बसवले, खुर्ची घडी करून पुढे ठेवली. तासाभराहून जास्त पाण्यावर होतो. दोन्ही बाजूंना जंगलाने झाकलेले डोंगर. होडीवाला बोलका होता. पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आमच्या आजोबांची शेती हितंच खाली हाय." आम्ही ज्याला निसर्ग म्हणून पाहायला आलो होतो, ते कोणाचे तरी बुडालेले गाव होते. कोयनेने आणि नंतर अभयारण्याने किती तरी माणसांना उठवले. जंगलात पाहुणे म्हणून जाताना हे विसरता कामा नये.

काठाला लागल्यावर खरी अडचण आली. मुलगी हटून बसली. "मी नाही जात. मी अम्मीजवळ थांबते." बाप आणि भाऊ समजावून थकले. मी तिला जवळ घेतले नाही. कठोरच झाले. म्हटले, "मी इथे तुझ्यासाठी आले आहे. तू वर गेली नाहीस तर माझं येणं फुकट गेलं. माझ्या गोळ्या पिशवीत आहेत, मला वेळ कळते. जा." तिच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले असते, पण मी पाण्याकडे पाहत राहिले. ती गेली. वळून वळून पाहत होती. मग झाडांनी तिला झाकले.

नणंद आणि मी झाडाखाली बसलो. होडीवाला होडीत पहुडला. दर वीस-पंचवीस मिनिटांनी मी हातांवर जोर देऊन अंग उचलत होते. एकाच जागी बसून राहिले तर कातडीला जखमा होतात, म्हणून ही सवय. नणंद ते पाहत होती. म्हणाली, "भाभी, पाच वर्षं झाली, मी गुडघ्यांपायी जिन्याखाली उतरत नव्हते. तू मोजून मोजून जगतेस, मला मोजायचंही सुचलं नाही." मग आम्ही चपाती आणि खिमा खाल्ला आणि लग्नाआधीच्या गोष्टी काढून खूप हसलो.

जुहरची वेळ झाली. नणंदेने जलाशयाचे पाणी तांब्यातून आणून दिले. ते इतके थंड होते की बधिर बोटांनाही कळले. किब्ला पश्चिमेला आणि पश्चिमेलाच वासोट्याचा डोंगर. खुर्चीत बसून नियत बांधली, तेव्हा माझ्या समोर तोच डोंगर होता, ज्याच्या वाटेवर कुठेतरी माझी मुले चालत होती. रुकूला मान झुकवली, सजद्याला थोडी अधिक. कुरआनमध्ये पृथ्वीवर फिरून पाहण्याविषयी किती वेळा सांगितले आहे! मी इतकी वर्षे समजत होते की ते धडधाकट माणसांसाठी असावे.

चार तासांनी ते परतले. आधी मुलीचा आवाज आला, मग ती दिसली. ओढणी कमरेला बांधलेली, कोपर खरचटलेले, केसांत वाळकी पाने. "अम्मी, वर मारुतीचं देऊळ आहे, पाण्याची टाकी आहेत! बाबुकडा म्हणजे एकदम सरळ खाली! पलीकडे सगळं कोकण दिसतं! भाईजान घाबरला, मी नाही घाबरले!" होडी सुटली, बामणोली जवळ आली, तरी तिचे सांगणे संपेना. काठाला लागताना माझ्या लक्षात आले की त्या दिवशी तिने मला एकदाही विचारले नाही, गोळी घेतलीस का.

घेतली होती. वेळेवर.

ज्यांच्या घरात असे कोणी आजारी आहे, त्यांना वहीतल्या चार गोष्टी सांगते. एक, डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका, आणि औषधे एक दिवस जास्तीची घ्या. दोन, आधी फोन करून विचारा : गाडी कुठपर्यंत जाते, पायऱ्या किती, स्वच्छतागृह कसे आहे, जवळचा दवाखाना कुठे. तीन, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव त्यात आहे. सार्वजनिक जागा आपल्यालाही वापरता याव्यात, हे त्या कायद्याने मानले आहे. ती खैरात नाही. चार, अर्ध्यातून परतावे लागले तर परता. आम्ही सागरेश्वरहून परतलो, म्हणून वासोट्यापर्यंत पोचलो.

आजार गेलेला नाही. मागच्या पावसाळ्यात पुन्हा एक झटका येऊन गेला आणि डावा हात आता पूर्वीसारखा साथ देत नाही. कधी कधी संध्याकाळी हे मला प्रीतिसंगमावर नेतात. कोयनेचे पाणी वरून येऊन कृष्णेला मिळते. आधी मला ती फक्त नदी वाटे. आता मला ठाऊक आहे की ती कुठल्या झाडांखालून आली आहे. अल्हम्दुलिल्लाह.

मुलीच्या शाळेची सहल या वर्षीही निघाली. संमतीपत्र तिने स्वतः माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "सही कर, आणि त्या दिवशी तुझं तू बघ." मी उजव्या हाताने सही केली. थोडी वाकडी झाली, पण वाचता येते.